ड्रमची पाच मिनिटं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

नूतन आली होती. काशिनाथची मुलगी. बी.फार्म. झाली आणि सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली. गोळ्यांच्या विभागात — पावडर दाबून गोळ्या पाडतात तिथेच. सतरा तारखेला हजर व्हायचंय. आणि काशिनाथ नाही म्हणतो!

"नाना, पप्पा म्हणतात मेडिकलच्या दुकानात बस, पण त्या मशीनपाशी जायचं नाही. आपल्या घराचा हातच जड आहे म्हणे. तुम्ही त्यांच्यासोबत कामाला होता. तुमचं ऐकतील. सांगा ना."

बघतो, म्हणालो. काय बघतो? बावीस वर्षं नुसता बघतोच आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लिहून टाकतो. इथे तरी.

औषध कारखान्यात माझं काम पावडर मिसळायचं, काशिनाथचं मशीनवर गोळ्या पाडायचं. औषधाचे दाणे तयार झाले की मोठ्या स्टीलच्या ड्रममध्ये भरायचे आणि सगळ्यात शेवटी त्यात स्टिअरेट घालायचं. पांढरी भुकटी, बोटांना रेशमासारखी लागते. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून. मग ड्रम पाच मिनिटं फिरवायचा. जास्त नाही. जास्त फिरला की ती भुकटी दाण्यादाण्याला तेलासारखी माखते. मग गोळी घट्ट बसत नाही, आणि पोटात गेली तरी पाणी शिरू देत नाही. विरघळतच नाही.

फिरत्या ड्रममध्ये पावडर कोसळते तिला ठेका असतो. धप्प — सळ्ळ. धप्प — सळ्ळ. शाळेतल्या कविता त्यावर काय बरोबर बसतात! बावीस वर्षांपूर्वी एके दिवशी एक लांबलचक कविता धरली आणि मधलं कडवंच आठवेना. ते शोधत मी मनाने पार गावाकडे, पारोळ्याच्या शाळेत जाऊन बसलो. सारवलेली जमीन, डोळे मिटून म्हणणारे गुरुजी, खिडकीत निंबाची सावली. कडवं सापडलं तेव्हा घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती.

कागदावर लिहिलं — पाच मिनिटं. खाली सही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पुढचं.

तीच पावडर काशिनाथच्या मशीनवर गेली. गोळ्या भुसभुशीत पडायला लागल्या, म्हणून बिचाऱ्याने दाब वाढवला. दुसरं काय करणार? तपासणीत गोळ्या विरघळेनात. अख्खी बॅच बाद. आमचे सुपरवायझर महेशभाई, त्यांनी माझा कागद बघितला. "धुडकूनुं तो बराबर छे. काशी, तें प्रेशर केम वधार्युं?" धुडकू म्हणजे मी. माझं बरोबर, मग काशीने दाब का वाढवला, असं.

काशिनाथने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

दोन दिवसांत त्याला काढला. नूतन तेव्हा सहा महिन्यांची. मग तो कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर लागला. त्या खडखडाटात कान गेले त्याचे.

मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो. जाताना शाल घातली मला.

रविवार, ९ नोव्हेंबर

डिंडोलीला काशिनाथच्या घरी गेलो. चहा झाला. पोरीला जाऊ दे, एवढंच म्हणालो, तेही मोठ्याने.

"नाना, तुमचं खरं हाय. पण म्या सोताच्या हातानं दाब वाढवला व्हता. पोरीच्या हातून तसं नको."

यानंतर एकच वाक्य बोलायचं होतं मला. मी दुधाच्या भावावर बोललो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काशिनाथकडे परत गेलो नाही. पाय दुखतात असं लिहिणार होतो. पाय चांगले आहेत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सांगितलं.

त्याला गच्चीवर नेलं. चारचौघांत नको म्हणून. हळूच म्हणालो, "काशिनाथ, चूक माझी होती."

"आँ?"

"ड्रम मी जास्त फिरवला."

"काय फिरवलं?"

कान गेलेल्या माणसाला हळू कसं सांगणार? शेवटी ओरडलो — "पंचवीस मिनिटं फिरवला! कागदावर पाच लिहिली मी! तुझा हात नव्हता रे!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. जिन्यात त्याची बायको सखुबाई, तिच्यामागे नूतन.

काशिनाथ म्हणाला, "पंचवीस मिनिटं काय करत व्हता?"

"कविता म्हणत होतो."

तो हसला नाही. शिवी द्यायला हवी होती, तीही दिली नाही. बोलली ती सखुबाई. "नाना, ह्यांनी पोरीला एकदा बी आपल्या हातानं औषध पाजलं न्हाई. तापानं फणफणली तरी. मीच पाजायची."

काशिनाथ नूतनला म्हणाला, "जा सोमवारी." मग मला, "तुम्ही निघा आता."

सोमवार, १७ नोव्हेंबर

गेली असेल. सकाळपासून जरा हलकं वाटतंय. वाटावं की नाही, माहीत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

संध्याकाळी नूतन दारात. ड्यूटीवरून तशीच आलेली. आत ये म्हटलं, आली नाही.

"नाना, आज तपासणीच्या खोलीत होते. एका बॅचमध्ये पाच लाख गोळ्या. विरघळतात का ते बघायला घेतात सहा. तुमच्याकडून तसं एकदाच झालं होतं का?"

कविता मी रोजच म्हणायचो.