सहापैकी चार चुंबकं

ताई,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून लिहून ठेवतोय. वाचल्याबरोबर मोठ्या दवाखान्यात ये. छोटू माझ्याजवळ आहे, आत्ता तरी हसतोय.

मी आणलेल्या चुंबकांनी चिमणी मनीला खेळवत होती. सतरंजीखालून एक चुंबक फिरवलं की वरचं पळायचं आणि मनी त्यावर झडप घालायची. आवरताना सहापैकी चारच सापडली. मनीनं गिळली असतील म्हणून जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन पोटाचा फोटो काढला. तिच्या पोटात काही नाही. ताई, छोटू तिथंच रांगत होता.

"पडतील उद्या बाहेर," असं मी म्हणालोसुद्धा. त्यावर चिमणी म्हणाली, "मामा, सतरंजीतून ओढतात, तशी पोटातही एकमेकांना ओढतील ना?" मधे आतडं चिमटलं तर? तसंच छोटूला उचललं, दवाखान्यात घेऊन निघालोय.

ही चुंबकं घरात नकोत असं तू बजावलं होतंस. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. चिमणी शेजारच्या काकूंकडे आहे. सगळं आपल्यामुळेच झालं असं धरून बसलीय, पाणीसुद्धा प्यायली नाहीये. निघण्याआधी दोन मिनिटं तिला जवळ घे. तिनं विचारलं नसतं, तर मी उद्याचीच वाट बघत बसलो असतो.