फळ्यावरचा शेरा

तात्या,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात तुमच्याविषयी कुणी वाईट बोलत नाही. मी बोलते. फोटोला हार घालताना धाकटी बहीण डोळे पुसते, मी हार सरळ करते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. आज म्हटलं, कागदावरच भांडावं.

बारामतीत स्टँडच्या मागच्या गल्लीत तुमचं शिलाईचं दुकान. बँडवाल्यांचे लाल कोट, भजनी मंडळांचे एकसारखे सदरे, सगळं तुमच्याकडं शिवायला यायचं, त्यामुळं कोण कुठं वाजवणार, कोण कुठं गाणार हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळायचं. दुकानाबाहेर तुम्ही एक फळा टांगला होता. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार असेल. येणारा-जाणारा खडू उचलायचा आणि आपल्याला कळलेलं लिहून जायचा. पणदऱ्याला सोमवारी भारूड. कन्हेरीला गजीचा नाच, ढोल ऐकण्यासारखा. भिगवणला धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेत, सकाळी लवकर जा. आणि प्रत्येक ओळीखाली तुमचा शेरा असायचा: ‘जावं’, ‘उशिरा गेलं तरी चालंल’, नाहीतर ‘जाऊ नये’. लोक बातमी वाचायचे नाहीत, शेरा वाचायचे. तुम्ही ‘जावं’ लिहिलं की माणसं सायकली काढायची. तुमचा कान तयार होता हे मी नाकारत नाही. त्या कानाचा माज होता, एवढंच म्हणते.

आई त्याच सुमारास गल्लीतल्या बायकांच्या भजनात जायला लागली. दुपारची भांडी झाली की ओट्याला टेकून म्हणायची, पिठाच्या डब्यावर ठेका धरून. मी अकरावीचा अभ्यास सोडून ऐकत बसायचे. सुट्टीच्या दिवशी तुम्हीही ऐकायचात, पेपर तोंडासमोर धरून. कधी एक शब्द बोलला नाहीत. मग वडगाव निंबाळकरला शनिवारी दुपारी महिला भजनांची स्पर्धा ठरली आणि आमच्या मंडळात मुख्य गाणारी आई. शेजारच्या चहावाल्यानं कौतुकानं ते फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी आई आणि मी तुमचा डबा घेऊन आलो, तर त्या ओळीखाली तुमच्या अक्षरात ‘जाऊ नये’.

आई फळ्यासमोर थांबते. मला तिचा हात धरावासा वाटतो आणि मी धरत नाही. मग ती आत येते, डबा मशीनवर ठेवते आणि म्हणते, ‘आमटी गरम हाय तवर खाऊन घ्या.’ बास, एवढंच. ती गेली, मी थांबले.

‘तात्या, ते काय लिहिलंय?’

‘हाय ते लिहिलंय.’

‘आई हाय ती.’

‘मग? आपली म्हून बरं लिहायचं? आपल्या घरच्याला येक आन लोकांला येक, आसं न्हाय चालत.’

‘आन परवा त्या बँडवाल्याच्या पोराचं बेसूर गाणं? त्याच्या खाली तर तुमी कायच लिहिलं न्हाय.’

तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. ‘गिऱ्हाईक हाय ते,’ म्हणालात, आणि मान खाली घालून कामाला लागलात.

शनिवारी वडगावला देवळासमोर मांडव होता आणि सतरंज्या रिकाम्या. बारामतीहून एक माणूस आलं नाही. बाकीच्या मंडळांच्या बायका आपापलं म्हणून झालं की उठून पाणी प्यायला जात होत्या. मी आणि पेटी वाजवणाऱ्या बाईंची सासू, एवढे आमचे ऐकणारे. गाताना मला आई फार सुंदर वाटली. नंबर आला नाही. त्यानंतर ती भजनाला गेली नाही. बायका बोलवायला आल्या की म्हणायची, गळा धरलाय. तो गळा पुढं कधी सुटलाच नाही, आणि तुम्ही त्याबद्दल विचारलंही नाही. मी मात्र डूख धरून बसले होते. ठरवलं होतं, ह्यांची जिरवायची.

दोन महिन्यांनी तुम्ही आत्याकडं फलटणला गेलात तीन-चार दिवस. दुकानात कारागीर होता, तयार कपडे द्यायला मी बसायचे. तुमची मापाची वही मीच उतरवून काढायचे, त्यामुळं तुमचं अक्षर माझ्या हातात बसलेलं. शुक्रवारी सकाळी तुम्ही निघालात, दुपारी कारागीर जेवायला गेला तसा मी खडू घेतला. ‘इंदापूर, रविवारी सकाळी दहा, देवळात सनई.’ आणि खाली, तुमच्यासारखी ‘ज’ला लांब शेपटी सोडून: ‘काम टाकून जावं.’ असा शेरा तुम्ही वर्षातून एखादाच द्यायचात. रविवारी दोन जीपा भरून माणसं गेली, काही एसटीनं. देवळात पुजारी झाडलोट करत होता. तोच यांना विचारायला लागला म्हणे, कसली सनई? एक निवृत्त तलाठी तर गुडघे दुखणाऱ्या बायकोला हाताला धरून घेऊन गेले होते. त्यांचं मला वाईट वाटलं, पण जरासंच.

सोमवारी तुम्ही दुकान उघडता उघडता सगळे हजर. ‘मी लिहिलं न्हाय,’ तुम्ही म्हणालात. ‘मग काय मशिनीनं लिहिलं? फलटणला जाता जाता लिहून गेला, अक्षर कुणाचं हाय, तुमीच बघा की.’ तुम्ही फळ्याजवळ गेलात, चष्मा वर सरकवून वाचलंत, आणि तुमचं तोंड एवढंसं झालं. चहावाला म्हणाला, ‘तात्या, तुमी फलटणात येकट्यानंच ऐकून आला व्हय सनई?’ सगळे हसले. मी आत काजं करत बसले होते. इतका आनंद मला नंतर स्वतःच्या लग्नातही झाला नाही. महिनाभर माणसं तुमचा शेरा मोठ्यानं वाचून हसत पुढं जायची. मग तुम्ही फळा आत घेतलात आणि आडवा टाकून त्यावर अस्तर कापायला लागलात. कुणी केलं हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मी केलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही, त्याची वाट बघू नका.

आता ह्या गोष्टी फोनवर चालतात. बारामती-इंदापूरकडच्या लोकांचा एक ग्रुप आहे. कुठलं नाटक लागलंय, कुणाची गाण्याची बैठक आहे, भिगवणला पक्षी बघायला कुणाची होडी चांगली, सगळं तिथं कळतं. माझं मत लोक मानतात. कान तुमचाच आलाय ना. पण कुठल्याही गावचं महिला भजन असो, ऐकलेलं असो नसो, मी ‘जरूर जा’ लिहिते. एकानं लिहिलं, ताई, कालच्या बायका फार बेसूर होत्या हो. मी लिहिलं, परत जा. तुमच्या बरोबर उलट वागायचं हा माझा नेम आहे आणि तो मी आवडीनं पाळते.

मागच्या आठवड्यात त्या पेटीवाल्या बाईंची सून आली. घर आवरताना त्यांना वडगावच्या स्पर्धेची कॅसेट सापडली होती. आई आता माझ्याकडंच असते. मी जुना टेप स्वयंपाकघरात लावला, ती मेथी निवडत होती. पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्यात वरच्या सुराला ती पोचलीच नाही, आणि उतरली ती उतरतच गेली. पखवाजवाला मधे हात थांबवून तिची वाट बघतो, ते कॅसेटमध्येसुद्धा कळतं. म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. पण खाली कोरं सोडता येत होतं की. बँडवाल्याच्या पोराला सोडलंतच ना? ते मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

टेप खटकन बंद झाला. आईनं वर न बघता विचारलं, ‘बरी म्हणत हुते का गं मी?’

गावोगावच्या अनोळखी बायकांसाठी मी इतकी वर्षं खोटं लिहितेय, बोट न अडखळता. आणि आईला मी म्हणाले, ‘मधे जरा उतरलीस.’ तिनं हातातली जुडी तशीच ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. वाढलं तर जेवते, विचारलं तर मान हलवते. हे पत्र कुठं टाकायची सोय नाही ते बरंच आहे. तुम्ही कधी तिची समजूत काढली होती का, तेही मला माहीत नाही. पण कशी काढायची हे विचारायला, तात्या, मला दुसरं कुणी सुचेना.