फुलचंदच्या दोऱ्यावरच्या एकोणीस गाठी

कामरगाव,
दि. ९ डिसेंबर १९७६

ति. विजूताईस, धाकट्या जगदेवचा वाकून नमस्कार. भाऊजीले नमस्कार, तुह्या सासूबाईले दोन नमस्कार (एक मागच्या पत्रात राहून गेला होता). तुही तब्येत कशी आहे हे विचारायची हिंमत होत नाही. काल संध्याकाळी एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप आणला की तुले सकाळपासून कळा सुरू आहेत, तेव्हापासून घरात कोणी जेवलं नाही. मी थोडंसं जेवलो.

ताई, बाळंतपणाच्या आधी मायले मानोऱ्याले आणून सोडतो असं मी कबूल केलं होतं. एस.टी.ची पायरी तिच्या गुडघ्याले चढवत नाही, म्हणून जीप पाहिजे, आणि तीबी पुढची सीट. बाबा जीप भाड्यानं करून देत होते. मीच छाती फुगवून म्हटलं, राहू द्या, मी मायले अख्ख्या जीपमध्ये फुकट नेतो. ते तोंड मी तेव्हाच शिवून टाकायले पाहिजे होतं.

झालं असं, की आपल्या गावात जीपा दोन, मोहनसिंगची अन् फुलचंद किराणेवाल्याची, आणि दिवाळीपासून दोघांत गिऱ्हाईकावरून चढाओढ लागली. मोहनसिंगनं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. दर खेपेले एक भोक, पंधरा भोकं झाली की मानोऱ्यापर्यंत एक जागा फुकट. फुलचंदनं काळा दोरा काढला. दर खेपेले एक गाठ, दूरच्या खेपेले दोन, आणि वीस गाठी झाल्या की अख्खी जीप एक दिवस आपली. गाठ तो स्वतःच मारते, दुसऱ्याची चालत नाही. (त्याचं म्हणणं, कार्ड भिजलं की गेलं, गाठ भिजली की आणखी पक्की होते. माणूस हुशार आहे.) आता बाहेरगावच्या लालसिंगची जीप आपल्या गावावरून अकोल्याले, दिग्रसले जाते. तो मोहनसिंगचा साळा आणि फुलचंदचा भागीदार, म्हणून त्याच्या जीपमधली खेप दोघांपैकी आपण म्हणू त्याच्या खाती पडते. इथंच माझा घात झाला. जवळच्या खेपा कशाबी होतात, पण अकोल्याची खेप कोणाले द्यायची? मी लालसिंगच्या जीपपाशी उभा राहून विचार करत बसायचो.

लालसिंग ओरडायचा, "अबे बोल ना लवकर, कोनाच्या नावावर टाकू? मांगं मानसं लटकून राह्यले!"

मी म्हणायचो मोहनसिंग, मग वाशिमच्या फाट्याशी मन बदलायचो. एकदा ठरेपर्यंत जीपच निघून गेली, माझी पिशवी घेऊन. (पिशवी दिग्रसले सापडली, पण ती आणायले गेलो तर तिथं कुस्त्या होत्या, दोन दिवस त्यात गेले.) गाठी वाढवायच्या म्हणून मी कुठं कुठं फिरलो! अनसिंगले काही काम नसताना तीनदा गेलो आणि एस.टी. स्टँडवर बसून परत आलो. बाबा म्हणत, "काहून बे, मायले नेऊन राह्यला का मोहनसिंगले पोसून राह्यला?" शेवटी कार्डावर नऊ भोकं झाली, ती वाया. दोऱ्यावर मात्र एकोणीस गाठी. एकच उरली होती. काल सकाळी ती घ्यायले कारंज्याले गेलो, आणि दोरा घरी खुंटीलेच विसरलो.

बाई अडली की तिच्या माहेरात एकही गाठ बांधलेली राहू द्यायची नाही, हे तुले ठाऊक आहे. निरोप ऐकल्याबरोबर मायनं दिवेलागणीले सुरुवात केली. ज्वारीच्या पोत्यांची तोंडं सोडली. गाईचं दावं सोडलं (गाय अजून सापडली नाही). बाजेची दावण सोडली, तीबी बाबा बाजेवर असताना. मग त्यांच्या धोतराकडे वळली, तर ते धोतर दोन्ही हातांनी धरून अंगणात जाऊन उभे राहिले. शेवटी तिले खुंटीवरचा काळा दोरा दिसला. मी घरी पोचलो तेव्हा तो सरळ होता, ताई. वीतभर सरळ.

मी बसून स्वतः एकोणीस गाठी मारल्या आणि सकाळी फुलचंदकडे गेलो. त्यानं हातात धरून सांगितलं, "ह्या माह्या गाठी नोहेत." खरं सांगितलं तर म्हणे, "सोडल्या ना? मंग गेल्या." माझं काही खरं नाही. इकडं माय उंबऱ्यावर बसून रस्ता पाहून राह्यली, आणि तिले न्यायले माझ्याजवळ जीप नाही.

तुझा अभागी भाऊ,
जगदेव

ता.क. पाकीट चिकटवत होतो तर भाऊजीची चिठ्ठी आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप! माय आधी रडली, मग मले म्हणाली, "पाह्य, तुह्या त्या काया दोऱ्यानंच माह्या लेकीले अडवून धरलं होतं." आता ती हे साऱ्या गल्लीले सांगून राह्यली.

ता.क. दुसरी. गल्लीतून ते फुलचंदच्या कानावर गेलं. तो वजनकाटा तसाच सोडून घरी आला. म्हणे, त्याच्या गाठी सुटल्याबरोबर पोर्गी झाली असं मानोऱ्याहून लिहून आलं, तर वीस गाठी धरतो आणि रविवारी मायले पुढच्या सीटवर आणून सोडतो. (त्याच्याकडं आतापासूनच तीन जणी दोरे मागून गेल्या.) तर खरं काम हे आहे. भाऊजीकडून चार ओळी लिहून पाठव, की पोर्गी बरोबर दिवेलागणीले झाली. पत्रिका खऱ्या वेळेचीच करा.

ता.क. शेवटची. चिठ्ठीत दुपारचे तीन लिहिले होते. मायनं एकही गाठ सोडली नव्हती तेव्हा, निरोपबी पोचला नव्हता. चिठ्ठी मीच वाचून दाखवली, वेळ गाळली आणि ती चुलीत टाकली. माय तिकडं आली की तीन वाजल्याचं तिच्यासमोर कोणी बोलू नका. फुलचंदच्या गाठी तिनं दातांनी सोडल्या, समोरचा एक दात अजून हलून राह्यला.