प्रुइटसाहेबांच्या घरावरचा बोजा

कॅडो बेंड, ४ मार्च

प्रिय वेंडेलदादास,
ओपलचा सा. न. वि. वि.

आई बरी आहे. गेल्या भेटीला खाकी स्कर्ट घालून आली म्हणून तुरुंगाच्या फाटकावरचे अधिकारी प्रुइटसाहेब यांनी तिला दारातूनच परत पाठवलं, ते अजून तिच्या मनातून जात नाही. खाकी रंग कैद्यांचा, हे आपल्यालाही सुचायला हवं होतं म्हणा! पण चार तास गाडीत अंग आंबवून आलेली म्हातारी ती.

तुझा सुटलेला मित्र बंद पाकीट देऊन गेला. तू सांगितलंस म्हणून न उघडता राजधानीतल्या नोंदणी कचेरीत दिलं. खिडकीवरच्या बाईंनी माझी सही घेतली. एवढं गुपित कसलं रे? लग्नबिग्न जमवलंस की काय? जूनमध्ये तुझ्या पॅरोलची, म्हणजे मुदतीआधी सुटकेची, सुनावणी आहे, तोवर जरा शहाण्यासारखं वाग. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी, ओपल

———

तुरुंग, १५ मार्च

चि. ओपलला अ. आ.

कामाबद्दल शाबास. जास्त विचारू नकोस. इथे प्रत्येक पत्र आधी टपालखोलीत वाचलं जातं. शेजारच्या कोठडीतला रीस, आमचा बिनसनदी वकील, म्हणतो की सगळं कायद्यात बसतं. लग्न मात्र नाही, माझ्या गळ्यात माळ घालणारी अजून जन्मायची आहे! आईला सांग, तिच्या अपमानाचा मला विसर पडलेला नाही. लोभ असू दे.

तुझा दादा

———

कॅडो बेंड, २२ एप्रिल

प्रिय दादा, सा. न. वि. वि.

रविवारी चर्चच्या जेवणात प्रुइटसाहेबांची बायको नोरीन माझ्या शेजारी बसून ढसाढसा रडली. मुलीच्या उपचारासाठी ते घर विकत होते. ऐनवेळी निघालं की कोणा कैद्याने त्यावर दहा लाख डॉलरच्या खोट्या कर्जाचा बोजा चढवलाय. गिऱ्हाईक पळालं. तिने सांगितलं की पोलीस आता सहीवरून कागद कचेरीत नेऊन देणारी बाई शोधतायत. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दादा, मला अटक झाली तर आईला इन्सुलिन कोण देईल? दारात गाडी थांबली की मी आधी पडदा सारून बघते. याहून जास्त लिहायची हिंमत नाही. तूच काहीतरी कर.

तुझी, ओपल

———

तुरुंग, २९ एप्रिल

चि. ओपलला अनेक आशीर्वाद.

मुलीचं मला माहीत नव्हतं. मला फक्त प्रुइटची झोप उडवायची होती. रीस म्हणाला होता की फार तर कागद परत येतील. आता तो मला ओळखही दाखवत नाही. नियम तर भिंतीवर टांगलाय: अधिकाऱ्याच्या मालमत्तेवर खोटा बोजा टाकला तर एकांतकोठडी, नवा खटला, आणि पॅरोलवर पाणी. मी तो रोज वाचत होतो, तरी गाढवपणा केला.

तोंडी सांगितलं तर इथे कोण कुठे नोंदवतं? म्हणून पत्रातच लिहितोय. टपालखोलीतल्या साहेबांनो, तुम्ही हे वाचताय ना? मग याची प्रत काढा आणि तुरुंगाचे प्रमुख वॉर्डनसाहेब यांना द्या. तो दावा खोटा आहे, मी केला आहे, आणि तो रद्द करायला मी कुठेही सही करीन. पाकिटात काय होतं ते माझ्या बहिणीला माहीत नव्हतं.

ओपल, मला फार भीती वाटते आहे. पण पोलीस आले तर दार उघड, आणि जे झालं ते सगळं सांग. आईला म्हणावं, जूनमध्ये माझ्यासाठी खोली झाडू नकोस. लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझा, वेंडेल