समोरच्याचा भांग

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा, जीव भांड्यात पडला. ट्रंक चोरीला जाईल, किल्ली हरवेल, घरमालक ऐनवेळी नाही म्हणेल, अशा शंभर शंका काढून मी लेकीचं डोकं खाल्लं होतं. त्यातलं काही झालं नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली, मागे एवढंसं स्वयंपाकघर. भिंतीला लावलेल्या टेबलाशी बसलं की डाव्या हाताला दार, उजव्या हाताला खिडकी. ऊन चांगलं येतं.

माझं सलून पाडलं, त्याबरोबर मागची झोपायची जागाही गेली. लेकीकडे जायला मला आवडलं असतं. पण जावई हसत म्हणाले, मामा, तुम्ही कुकरची शिटी झाली तरी घर डोक्यावर घेता. हसत म्हणाले, तरी समजायचं ते समजलो.

लेक सामान लावून परत गेली. नर्स आहे, रजा मिळत नाही. जाताना लॅपटॉप देऊन गेली. रोज दुपारी तिचा चेहरा दिसेल, मी फक्त हिरवं बटण दाबायचं. बाकी धास्ती वाटली तर तिला फोन करण्याआधी या वहीत लिहायचं. अक्षर कोंबडीचे पाय, पण लिहितो.

६ नोव्हेंबर
हिरवं बटण जमलं. नात म्हणाली, आजोबा, तुमचं अर्धंच डोकं दिसतंय, उरलेलं कुठे ठेवलंत? म्हटलं, गिऱ्हाइकाने नेलं. खूप हसली.

ट्रंकेतून वस्तरा, कात्री, कंगवा, हातआरसा आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं पांढरं कापड काढून ठेवलं. हात थरथरतो, आता कुणाचं डोकं करणार? पण नजरेसमोर असलं की बरं वाटतं. शेजारच्यांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवून दार लावलं. लॅपटॉप मिटला की दिवस संपतो.

१० नोव्हेंबर
आज बोलता बोलता पडदा काळा झाला. लेक म्हणत होती, "बाबा, ऐका ना, मी येत्या—" आणि संपलं. बाजूचा दिवा चालू, आत पंखा घरघरतोय, चित्र नाही. माझ्या हातून काय दाबलं गेलं देव जाणे.

मोबाइलवरून तिला विचारलं. तिने घाईत सगळं सांगितलं. वायर काढा, बटण बराच वेळ दाबून धरा, मग सोडा. सगळं केलं. काळा तो काळाच.

१२ नोव्हेंबर
खालचा मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, पडद्यामागचा दिवा गेला असेल, टॉर्च तिरकी धरून बघा, अंधुक चित्र दिसेल. धरली. दिसलं. पण लेकीचं घर नव्हतं. एक खोली होती, टेबल होतं, खिडकी होती. माझ्याच खोलीची सावली पडली असेल.

लॅपटॉप त्याच्याकडे नेला तर तिथे लख्ख चालू झाला. तो म्हणाला, आजोबा, याला काही धाड भरलेली नाही. घरी आणून उघडला, काळा. त्याला पुन्हा सांगायची लाज वाटली.

१४ नोव्हेंबर
मोरीतल्या आरशाला पारा राहिलेला नाही. काळ्या पडद्यात चेहरा छान दिसतो, म्हणून तिथेच बसून दाढी केली. भांग पाडताना हात थांबला.

जन्मभर मी माणसं आरशात बघितली. माझा भांग डावीकडे. आरशात तो माझ्या डाव्या हाताकडेच दिसायला हवा. पडद्यात तो उजव्या हाताकडे होता, समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचा दिसतो तसा.

वाटलं, म्हातारा झालो, मीच चुकीच्या बाजूला पाडला. सवयीने कंगवा ओला केला आणि भांग उजवीकडे पाडला.

त्याने बदलला नाही.

१५ नोव्हेंबर
लेकीला मोबाइल लावला. म्हटलं, पाच दिवस तुझं तोंड नाही बघितलं. ती म्हणाली, "बाबा, असं काय करता? काल दुपारी तर बोललो आपण."

रोज बोलतो म्हणे. मी आता किती शांत झालोय, कशालाच घाबरत नाही, नातीला गोष्टी सांगतो. जावईसुद्धा म्हणाले, मामा सुधारले.

मी विचारलं, माझा भांग कुठल्या बाजूला दिसतो. ती हसली. "नेहमीसारखा डावीकडे. कुठे असणार?"

माझ्या डोक्यावर तो उजवीकडे आहे. सकाळपासून डावीकडे पाडतोय. कंगवा फिरतो, केस परत उजवीकडे पडतात.

१७ नोव्हेंबर
पडद्यावर पांढरं कापड टाकलं. नुसतं टाकलं होतं. चहा करून आलो तर त्याला मागे गाठ. गिऱ्हाइकाच्या मानेमागे मी मारतो तीच, सैल, बोट जाईल एवढी.

म्हणजे तो बसलाय. त्याचं काम व्हायचं आहे.

शेजारचं दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. कुणी उघडलं नाही.

१९ नोव्हेंबर
लेकीचा फोन. रविवारी येते म्हणाली. मला न्यायला, कायमचं. पडदा काळा झाला त्या दिवशी नुसतं भेटायला येते म्हणत होती. जावईही तयार आहेत. "तुम्ही आता पूर्वीसारखे नाही राहिलात, बाबा."

हे ऐकायला किती वाट बघितली. आणि हे मला नाही, त्याला—

सांगणार होतो. सांगितलं असतं तर म्हणाली असती, सुरू झालं यांचं पुन्हा. नुसतं म्हटलं, ये.

२१ नोव्हेंबर
चूक केली. कापड काढलं. त्याची दाढी गुळगुळीत, केस नीट. मी हातआरसा उचलला आणि माझ्या डोक्यामागे धरला. काम झालं की गिऱ्हाइकाला मागचं दाखवतो तसा. जन्माची खोड. तोंडातून निघूनही गेलं, ठीक आहे ना?

मी मान हलवली नव्हती. त्याने हलवली. मग तो उठला, खांद्यावरचे केस झटकले.

त्याचा हात थरथरत नाही.

२२ नोव्हेंबर
टेबलाशी बसलोय. दार उजव्या हाताला आहे. खिडकी डावीकडे.

दाराशी जातो, तर पुन्हा टेबलाशीच येतो. मोबाइल लावला. माझाच आवाज म्हणाला, बोला.

काचेच्या त्या बाजूला तो ट्रंक भरतोय. वस्तरा गुंडाळला. माझ्यापेक्षा नीट.

२३ नोव्हेंबर
बेल वाजली. त्याने दार उघडलं. लेक आली. बारीक झालीय. नात त्याच्या कमरेला बिलगली.

मी ओरडतोय. काच पिटतोय. नातीने एकदा इकडे बघितलं. म्हणाली, आजोबा, यात कुणीतरी—

लेक म्हणाली, "अगं, बंद पडलाय तो. बाबा, हा न्यायचा का?"

तो नाही म्हणाला. राहू दे इथेच.

गेली. ट्रंक गेली. नात मागे वळून—

तो परत आलाय. एकटा. वाकलाय. मला कंगवा दाखवतो. लॅपटॉपच्या झाकणावर हात. बाळांनो, मी इकडे आहे, मी कशालाच घाबरत नाही, खरंच, आता मी अजिबात—