कोंपाद्रेची साक्ष

हॅलोरन, टेक्सस
११ जानेवारी १९७०

ति. एर्मिनियाताईस,
एवारिस्तोचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले बेदाणे पोचले. देल्फिना ते नाताळच्या तमाल्यांसाठी मक्याच्या पिठात घालणार होती, पण त्याआधी मीच निम्मे फस्त केले, म्हणून नाताळभर बायकोचा अबोला. बाकी घरी सगळे खुशाल.

लिब्रादोची फेमिया आठवते ना? मी जिचा धर्मपिता, ती. अकरा वर्षांची झाली. ताई, ही पोर शाळेत गेल्यापासून मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसते आहे! दाखल केलं तेव्हा तिला इंग्रजीचा गंध नव्हता, आणि बुद्धीची परीक्षा घेतली इंग्रजीतून. शिक्का बसला तो बसला, पुन्हा कुणी बघितलंच नाही. त्या वर्गात गोरं पोर औषधालाही नाही, सगळी आपलीच. चित्रं रंगवायची आणि जेवणघराची फरशी पुसायची, हा त्यांचा अभ्यास. मी आमच्या स्वयंपाकघरात बसवून तीच परीक्षा स्पॅनिशमधून घेतली. पोरीने धडाधड उत्तरं दिली आणि वर माझीच एक चूक काढली.

आम्ही कोर्टात गेलो आहोत. सान आंतोनियोचा बेर्नाल म्हणून एक तरुण वकील आहे, फुकट लढतो. फेमियाला आणि तिच्यासारख्यांना त्या वर्गातून बाहेर काढा, एवढंच मागणं. पण कुणा तरी आईबापाने उभं राहून बोलायला हवं. सगळ्यांची पोटं गोऱ्यांच्या मळ्यांवर, पुढे येणार कोण? एकटा लिब्रादो तयार झाला, तोही माझ्या शब्दाखातर. फेमियाच्या बाप्तिस्म्यापासून, तिचा बाप आणि धर्मपिता म्हणून, आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे, आणि कोंपाद्रेला नाही म्हणायचं नाही, वाकडं बोलायचं नाही, हे तुला मी काय सांगायचं! म्हणाला, तुम्ही सांगाल तिथे उभा राहतो. म्हणजे हा खरंच तयार आहे की नुसती रीत पाळतो आहे, ते मला कळत नाही.

वरच्या वर्गांना मी आपल्या लोकांचा इतिहास शिकवायला लागलोय, त्यावरही शाळामंडळाचा डोळा आहे. असू दे.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
एवारिस्तो


फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
२५ जानेवारी १९७०

चि. एवारिस्तो यास,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

हल्ली मेक्सिकन म्हणायचं सोडून तू चळवळीतल्या पोरांसारखा स्वतःला चिकानो म्हणवतोस असं ऐकलं. आईच्या काळी ती शिवी होती, तिच्या कानावर हा शब्द गेला असता तर तिने लाटणं उचललं असतं. मला तो आवडतो की नाही ते अजून ठरलेलं नाही.

तुझं पत्र वाचून माझं डोकं भणभणलं. शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी माझं एर्मिनिया मोडून मिनी केलं होतं, आठवतं? आज केस पिकले, आणि इथे कारखान्यात मुकादम मला मिनीच म्हणतो. एकदा चिकटवलं की ते निघत नाही रे बाबा. म्हणून त्या पोरीला सोडव. तुझी नोकरी जाईल हे मला दिसतंय, तुला दिसत नसेल तर चष्मा बदल. पण सोडव.

लिब्रादोला नीट तयार कर. लग्नातला कोट घालायला सांग. तुझ्यासारखा तोफखाना सुरू करू नको म्हणावं. आपली माणसं भांडकुदळ आहेत असं म्हणायला त्यांना निमित्तच हवं असतं. अदबीने बोलला तर जज्जही ऐकेल.

मेणबत्ती लावते आहे. देल्फिनाला आणि मुलांना जवळ घेतल्याचं सांग.
तुझी ताई


हॅलोरन
२० मार्च १९७०

ति. ताईस,
सा. न. हरलो.

तुझ्या सांगण्याप्रमाणे लिब्रादो लग्नातल्या कोटात आला होता. देखणा दिसत होता. शाळेचा वकील म्हणजे एक गोडबोल्या म्हातारा. त्याने दुभाष्यामार्फत आधी तब्येत विचारली, कापसाचं कसं काय विचारलं. मग विचारलं, शाळेच्या बाई तुमच्या मुलीचं वाईट चिंततात असं वाटतं का? लिब्रादो म्हणाला, छे छे साहेब, बाई म्हणजे दुसरी आई. मुलीला कुठल्या वर्गात घालावं हे बाईंपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? मी कोण साहेब, मी कापूस वेचणारा. त्या वर्गात घालणार असं बाईंनी सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? म्हणाला, आभार मानले, आणि नाताळला तमाले नेऊन दिले.

खोटं एक अक्षर नव्हतं. शिक्षकाचं नाव चारचौघांत वाईट घेणारा माणूस आपल्यात कधी पाहिलास का? बेर्नालने डोक्याला हात लावला. निकाल तिथल्या तिथे. बापाची संमती होती, तक्रार नव्हतीच. आणि मी घेतलेली परीक्षा धर्मपित्याने घेतलेली, म्हणून तिला किंमत नाही.

ताई, बेर्नालने मला बजावलं होतं. आधी घरी तालीम घे, तू शाळेचा वकील हो, त्याला टाकून बोल, अपमान कर, म्हणजे तिथे तो गडबडणार नाही. मी बसलो त्याच्यासमोर. पण कोंपाद्रेला कसं विचारायचं, की तू अडाणी, तुला काय कळतं? जीभच वळेना. मग मी मऊमऊ प्रश्न विचारले, त्याने मऊमऊ उत्तरं दिली, आणि आम्ही कॉफी प्यायलो. घात माझ्या सभ्यपणाने केला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर लिब्रादोने टोपी हातात घेतली आणि विचारलं, कोंपाद्रे, बरं बोललो ना मी? हरल्याचं त्याला कळलं होतं, कशाने ते कळलं नव्हतं. मी म्हणालो, फार छान बोललात.

लिहवत नाही.
एवारिस्तो


फ्रेस्नो
२९ मार्च १९७०

चि. एवारिस्तोस आशीर्वाद.

अदबीचा शहाणपणा मीच शिकवला होता, तेव्हा सगळं पाप एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस, थोडं इकडे पाठव.

लिब्रादोला काही सांगू नकोस. कधीच नको. बापाला हे सोसायचं नाही. आणि फेमियाला माझ्याकडे पाठवून दे. इथली शाळा काही स्वर्ग नाही, पण मी रोज दारात जाऊन बसेन आणि कोण तिला रंगवायला बसवतो ते बघेन. मला मूल नाही, खोली रिकामी आहे.

जेवत जा.
ताई


हॅलोरन
१९ एप्रिल १९७०

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या वर्षी मला नोकरी नाही, इतिहासाचा तासही बंद. तुझा चष्मा बरोबर होता. लिब्रादोलाही मळ्यावरून काढलं. इतकं गोड बोलून काय मिळालं त्याला?

तुझा निरोप त्याला सांगितला. डोळे पुसून म्हणाला, बघू. कोंपाद्रेचं 'बघू' म्हणजे नाही. थोरली मुलगी परक्या गावी पाठवायला त्याचं मन धजत नाही.

परवा तो फेमियाला घेऊन आमच्याकडे आला, हातात इंग्रजी पेपर. त्यात निकाल सविस्तर छापून आला होता, वर त्याचं नाव. म्हणाला, वाचून दाखवा ना, जज्ज माझ्याबद्दल काय म्हणाले? चष्मा सापडत नाही अशी थाप मारली, आणि तो माझ्या नाकावरच होता! कोंपाद्रेला खोटं पाडायचं नसतं. त्याने पेपर फेमियाच्या हातात दिला.

मी जागचा हललो नाही. पोर ओळीवर बोट ठेवून मनात इंग्रजी वाचत होती आणि तोंडाने घडाघडा स्पॅनिश सांगत होती. तारीख, शाळेचं नाव, कायद्याची कलमं, कुठे अडली नाही. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. मग ते वाक्य आलं, की बापाने स्वतःच कबूल केलं, त्याच्या साक्षीमुळे दावाच उरत नाही. तिचं बोट थांबलं नाही. त्याच सुरात म्हणाली, जज्जसाहेब म्हणतात, वडील फार चांगलं बोलले, इतका सभ्य माणूस या कोर्टात क्वचित येतो, पण कायदा जुना आहे, त्याला काय करणार. आणि पुढचं वाक्य पुन्हा जसंच्या तसं.

लिब्रादो माझ्याकडे वळून म्हणाला, बघा कोंपाद्रे, जज्जसाहेबांनाही पटलं होतं. देल्फिना उठून परसात गेली. पोरीने माझ्याकडे एकदा बघितलं, मी गप्प बसावं म्हणून. मी बसलो.

ताई, इतकी हुशार पोर मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नाही, आणि हे सांगायचं कुणाला? सोमवारी ती त्याच वर्गात जाऊन बसेल. या आठवड्यात त्यांना ससा रंगवायला दिला आहे.

तुझा,
एवारिस्तो