अण्णांच्या आक्का

४ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला आणि माझं कुणाशी भांडण झालं नाही. आईला कळलं तर ती गल्लीत साखर वाटेल. बेळगावजवळच्या मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना पंपांचे सुटे भाग बनवतो. मी एचआरमध्ये, म्हणजे हजेरी, रजा आणि लोकांची गाऱ्हाणी. कालच भाऊबीज करून निपाणीहून आले, त्यामुळे डबाभर चकल्या जवळ होत्या. निम्म्या ओळखी त्यांनीच करून दिल्या. खोलीही जवळच मिळाली आहे, चालत जाण्यासारखी.

मॅनेजर रघुवीर यांना सगळे अण्णा म्हणतात. मोठा गोड माणूस! मी सूर्यास्ताआधी जेवते हे कळल्यावर त्यांनी स्वतः कॅन्टीनमध्ये जाऊन सांगितलं की जैनाची पोर आहे, पाचला हिचा डबा गरम झालाच पाहिजे. इथे काही बायकांना सगळे आक्का म्हणतात, अगदी पंचविशीतल्या पोरींनासुद्धा, आणि बाकीच्यांना नुसतं नावाने. कोण आक्का आणि कोण नाही, ते काही मला उमगलं नाही. पण घरासारखं वाटलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

कायद्याने लागते ती अंतर्गत तक्रार समिती इथेही आहे. बाईमाणसाला कामावर कुणी त्रास दिला तर चौकशी या समितीने करायची. अध्यक्ष अकाउंट्सच्या भैरवी आक्का. एक जागा रिकामी होती, तिथे अण्णांनी माझं नाव घातलं. काम काहीच नसतं, समिती झाल्यापासून एकही चौकशी लागलेली नाही, असं आक्का म्हणाल्या. मी म्हटलं, भाग्यवान कारखाना.

पॅकिंगमधल्या लतिकाशी गट्टी जमली आहे. लई बडबडी. विमानतळाजवळच्या सांबऱ्याहून येते, मशीन अडलं की त्याच्या सात पिढ्या उद्धरते आणि आभाळात विमान दिसलं की अजून हात हलवते. पायलट आपल्याला ओळखतो असं तिचं म्हणणं आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

लतिकाने तक्रार दिली. अण्णांविरुद्ध. स्टोअरमध्ये त्यांनी तिला मागून धरलं, तोंडावर हात ठेवला. सांगताना एकही शब्द तिने गिळला नाही. शेवटी म्हणाली, "मी गप न्हाय बसणार. तू हाईस न्हवं समितीत?" मी म्हटलं, आहे. रागाने माझे कान तापले होते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

समिती बसली. चौकशीला हात घालायच्या आधीच भैरवी आक्कांनी समेटाचं काढलं. कायद्यात समेट आहे, पण बाईने स्वतः मागितला तरच, आणि लतिकाने तर मागितला नव्हता. आक्कांनी मला बाजूला घेऊन इथली रीत सांगितली. बाईने अण्णांना राखी बांधायची. एकदा भाऊ मानला की अंगाला बोट लावायची छाती कुणाची होते?

मला पटलं. मानलेल्या भावाला आपल्याकडे सख्ख्यापेक्षा जास्त बंधन असतं, हे निपाणीच्या पोरीला कुणी शिकवायला नको. मीच लतिकाची समजूत घातली. शेवटी ती हो म्हणाली.

दुपारी ताट आलं. कुंकू, नारळ, पेढे, खडेबाजारातून आणलेली जरीची राखी. श्रावण नाही, पौर्णिमा नाही. सगळ्या आक्का टाळ्या वाजवत होत्या आणि अण्णांचे डोळे भरून आले. मला पेढा गिळवला नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गेटपासूनच सगळे लतिकाला आक्का म्हणू लागले.

तेव्हा मला कळलं. पॅकिंगमधल्या आक्का. स्टोअरमधल्या. कॅन्टीनमधल्या मालुआक्का. खुद्द भैरवी आक्का. प्रत्येकीने कधीतरी तोंड उघडलं होतं आणि प्रत्येकीने राखी बांधली होती. चौकशी का लागत नाही तेही कळलं. माझ्याच हातून हे झालं होतं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

लतिका बोलते, पण ते बोलणं तिचं नाही. स्टोअरचा विषय काढला तर म्हणाली, "कुठं काय झालतं? अण्णा आपलंच हायत." भैरवी आक्कांना विचारलं. तेच शब्द, तोच सूर. मग मालुआक्कांना. तेच, आणि श्वासही त्याच जागी घेतला. बोलताना तिघींचाही हात गळ्याशी होता.

वरून विमान गेलं. लतिकाने मान वर केली नाही. मला भीती वाटते आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

माझ्या डब्याची जागा बदलली. कॅन्टीनमध्ये अंडी शिजतात, तुला चालायची नाहीत, पाचला माझ्या केबिनमध्ये बसत जा, असं अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले. नाही कसं म्हणायचं? माणूस माझा धर्म सांभाळतो आहे. सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

उपाशी राहीन, पण तिथे बसणार नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

डबा केबिनमध्ये नेऊन ठेवलेला होता. आणायला गेले. दार मागून लागलं—

नाही लिहवत.

ओरडले. मी चांगली मोठ्याने ओरडले. दाराच्या काचेतून आक्का दिसत होत्या, ओळीने उभ्या. अण्णा हसले. त्या हसल्या. सगळ्या एकदम, तेच हसू—

६ डिसेंबर, शुक्रवार

कामावर गेले नाही. बेळगावात कलेक्टर ऑफिसात जिल्ह्याची तक्रार समिती आहे, सोमवारी तिथे जाणार. लतिकाचंही सांगणार.

काय बोलायचं ते म्हणून बघितलं. "अण्णांनी मला" — पुढे आवाजच नाही. पाणी प्यायले. पुन्हा. "अण्णांनी" — गळ्याभोवती काहीतरी आवळतं. बारीक, दोऱ्यासारखं.

मी तर राखी बांधलेली नाही.

७ डिसेंबर, शनिवार

दिवसभर तेच. आईचा फोन आला. "अण्णा" म्हटलं आणि तोंडातून आपोआप — आपलंच हायत. आई म्हणाली, बरं झालं बाई, चांगली माणसं मिळाली.

संध्याकाळी चिडून नुसतं नाव घेतलं. रघुवीर.

आवाज आला! रघुवीर. रघुवीर. अण्णा नाही, कुणाचा भाऊ नाही. त्या एका हाकेतच फास होता. पहिल्या दिवसापासून मी तो स्वतःच ओढत होते.

८ डिसेंबर, रविवार

भर दुपार. दारावर थाप. फटीतून पाहिलं — आक्का. सगळ्या. ताट लतिकाच्या हातात.

हाक मारते आहे. "क्षमाआक्का, दार उघड गं. अण्णा आल्यात."

नाही उघडणार. लतिका, अगं, तुझ्यासाठीच तर मी—

कडी निसटते आहे. खुर्ची लावली. गळा — आवाज गेला तर जाऊ दे, हात चालतो आहे. लवकर.

मी, क्षमा वर्धमान चौगुले, लिहून देते की गुरुवारी संध्याकाळी रघुवीर याने आपल्या केबिनचं दार लावून माझा